शिक्का आहे, मोर्तब नाही

मराठी कविता आता मोबाइलच्या पडद्यावर वाचली जाते, याविषयी आमची तक्रार नाही. जे पुस्तक तालुक्याच्या ग्रंथालयात मिळत नाही ते विद्यार्थ्याच्या खिशात असावे, यात वाईट ते काय? आमची तक्रार आहे ती त्या पडद्याच्या खालच्या टोकाविषयी. ते टोक नाहीसे झाले आहे. ते आपोआप नाहीसे झालेले नाही, ते कोणीतरी विचारपूर्वक काढून टाकले आहे, एवढेच आम्हांला इथे सांगायचे आहे.

निमित्त साधे आहे. आमच्यापैकी एकजण पदव्युत्तर वर्गाला कविता शिकवतात. एका कवीचा संग्रह चर्चेला होता. छापील प्रत एकच, तीही शिक्षकांच्या हातात. विद्यार्थ्यांनी तो संग्रह एका अ‍ॅपवर वाचला होता. शिक्षकांनी विचारले, संग्रहातील शेवटची कविता कोणती, आणि कवीने ती शेवटी का ठेवली असावी? चौघांनी चार कविता सांगितल्या. त्यांतल्या तीन त्या कवीच्या नव्हत्याच. एक विद्यार्थिनी मात्र प्रामाणिकपणे म्हणाली, ‘सर, शेवटची कविता माझ्याकडे अजून आलेली नाही.’

फोन हातात घेऊन पाहिल्यावर उलगडा झाला. अ‍ॅपमध्ये संग्रह ही एक सरकती यादी होती. अंगठ्याने वर ढकलावे आणि पुढची कविता यावी. संग्रहातील कविता संपल्या की तिथे रेघ नाही, शब्द नाही, मोकळी जागाही नाही; त्याच अक्षरात, त्याच अंतराने ‘तुम्हांला आवडतील अशा’ दुसऱ्या कवींच्या कविता सुरू होत होत्या, आणि त्यांना अंत नव्हता. कवींची नावे होती, पण शीर्षकाच्या वर, फिकट आणि बारीक. जी विद्यार्थिनी शेवटच्या कवितेची वाट पाहत होती तिला आम्ही हसलो नाही. तिच्या वाचनात खोट नव्हती. पुस्तकाला शेवट असतो हे ती जाणून होती, आणि तो येईपर्यंत वाचत राहण्याची तिची तयारी होती. तिच्या याच सद्गुणाचा गैरफायदा घेतला जात होता.

आम्ही अ‍ॅपकर्त्यांना पत्र लिहिले. मागणी किरकोळ होती: संग्रहाच्या यादीला तळाशी एक फुटर जोडावा. फुटर म्हणजे यादीतील शेवटच्या नोंदीखाली येणारी वेगळी चौकट. तीत ‘संग्रह समाप्त’ एवढे जरी लिहिले तरी पुरे. उत्तर आले, आणि ते सौजन्यपूर्ण होते. त्यातले एक वाक्य मात्र आमच्या मनातून जात नाही. फुटर लावल्यास वाचक तिथे थांबतात, असे त्यांचे म्हणणे होते.

वाचक थांबतात! आम्ही जे मागत होतो तेच त्यांनी दोष म्हणून आम्हांला परत पाठवले.

प्रथम तांत्रिक अडचणीची सबब दूर करू. आमच्यापैकी एकाची उपजीविका प्रोग्राम लिहिण्यावर चालते. पुढील माहिती त्यांची. अँड्रॉइड प्रणाली २००८ साली बाजारात आली तेव्हाच तिच्यातील ‘लिस्टव्ह्यू’ या यादीच्या साच्यात फुटर जोडण्याची सोय होती. आयफोनसाठी बाहेरच्या प्रोग्रामरांना त्याच वर्षी दार उघडले, तेव्हा तिथल्या यादीलाही ती होती. म्हणजे ज्यांनी मुळात या याद्या घडवल्या त्यांच्या लेखी यादीला तळ असणे ही गृहीत गोष्ट होती. अँड्रॉइडच्या त्या जुन्या साच्याचा एक नियम तर आम्हां साहित्याच्या लोकांना फारच भावला. यादीत मजकूर भरण्याची यंत्रणा जोडण्याआधी फुटर जोडावा लागे. नंतर जोडता येत नसे. ही अट पुढे ४.४ या आवृत्तीत शिथिल झाली. शेवट कोणता ते आधी ठरवा आणि मग भरायला घ्या, हा नियम चांगल्या कथाकाराला कोणी शिकवावा लागत नाही.

आयफोनकडचा किस्सा याहून बोलका आहे. तिथल्या यादीत नोंदी थोड्या असल्या तर उरलेल्या पडद्यावर रिकाम्या ओळींच्या रेघा उमटत. त्या घालवण्यासाठी प्रोग्रामर मंडळी यादीच्या तळाशी एक कोरा फुटर ठेवून देत. त्यात काहीही लिहिलेले नसे. पण फुटर दिसला की यंत्र समजे, यादी संपली. आणि रेघा ओढणे थांबवी. यंत्रालासुद्धा थांबण्यासाठी खूण लागत होती, आणि ती दिली की ते थांबत होते. माणसाला ती देऊ नये, असे ठरवणारी मंडळी पुढे आली.

२०१४ साली अँड्रॉइडवर ‘रिसायकलरव्ह्यू’ हा नवा साचा आला. यादी हजार नोंदींची असली तरी पडद्यावर मावतील तेवढ्या, आणि वर चार-दोन अधिक, एवढ्याच चौकटी यंत्र तयार ठेवते. वर सरकून दिसेनाशी झालेली चौकट नव्या मजकुराने भरून खालून पुन्हा आणते. या नव्या साच्यात फुटरची आयती सोय नव्हती. तरीही तो जोडणे अवघड नव्हते. शंभर कविता असतील तर संख्या एकशे एक सांगायची, आणि शेवटच्या जागेची पाळी आली की वेगळ्या घडणीची चौकट द्यायची. पुढे २०२१ मध्ये दोन याद्या एकाखाली एक जोडण्याची सोय याच साच्याच्या पक्क्या आवृत्तीत आली आणि तेवढेही कष्ट उरले नाहीत. हे सारे नवशिक्याच्या एका दुपारचे काम आहे. तेव्हा ‘जमत नाही’ हे उत्तर कोणी देत नाही. ‘नको’ हेच उत्तर आहे.

आणि गंमत अशी की फुटर जोडला जातच नाही, असेही नाही. आजच्या बहुतेक अ‍ॅपमध्ये तो असतो. त्यात असते गोल गोल फिरणारे चक्र, आणखी मजकूर येत असल्याची खूण. ज्या जागी ‘संपले’ लिहायचे त्याच जागी ‘अजून आहे’ लिहिले जाते.

अंत नसलेल्या या सरकत्या यादीची कल्पना २००६ साली एझा रॅस्किन या तरुण संरचनाकाराने घडवली. पान संपले की ‘पुढे’ या शब्दावर बोट ठेवण्याचा वाचकाचा त्रास वाचावा, हा त्याचा हेतू. आणि त्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण पुढे याच माणसाने आपल्या या निर्मितीविषयी जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला. ज्याला त्याने त्रास मानले तो वाचकाचा निर्णय होता. ‘पुढे’वर बोट ठेवण्यापूर्वीच्या त्या अर्ध्या क्षणात वाचक स्वतःला विचारत असे: मला आणखी हवे आहे काय? तो अर्धा क्षण काढून घेतला, आणि त्याबरोबर तो प्रश्नही गेला.

आता आमच्या घरात येऊ. मराठीत ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द आपण सर्रास वापरतो, पण ते दोन शब्द आहेत हे विसरतो. शिक्का पत्राच्या माथ्यावर; मोर्तब पत्राच्या तळाशी. शिवाजी महाराजांच्या पत्रांत माथ्यावर राजमुद्रा असे आणि मजकूर जिथे संपे तिथे दुसरी, लहान मुद्रा: ‘मर्यादेयं विराजते’. ही मर्यादा इथे शोभते आहे, एवढाच तिचा अर्थ. तिचे काम व्यवहाराचे होते. या खुणेखाली कोणी एक ओळ जरी घुसडली तरी ती राजाची नव्हे, हे वाचणाऱ्याला कळावे. माथ्यावरच्या मुद्रेने हुकूम कोणाचा ते समजे. तळच्या मुद्रेने तो कुठवर ते समजे. पेशवाईतही ‘लेखनसीमा’ अशा अर्थाच्या मुद्रा होत्या, आणि साध्या घरगुती पत्राचा शेवट ‘बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा’ अशा धाटणीने होई.

आता हातातला फोन पाहा. माथ्यावर शिक्का आहे: अ‍ॅपचे नाव, त्याचे चिन्ह, कितीही खाली गेलात तरी अनेकदा तिथेच खिळलेले. हुकूम कोणाचा ते क्षणभर विसरू दिले जात नाही. मोर्तब मात्र नाही. ज्या दस्तऐवजाला शिक्का आहे आणि मोर्तब नाही त्यात कोणीही काहीही भरू शकतो, हे शिवकाळातील चिटणिसाला कळत होते. आम्हां प्राध्यापकांना ते वर्गात चार उत्तरे मिळेपर्यंत कळले नाही, ही लाजेची गोष्ट आम्ही इथे नोंदवून ठेवतो.

ग्रंथांचेही तसेच. हस्तलिखिताच्या शेवटी पुष्पिका असते: ग्रंथ कोणता, कर्ता कोण, लेखक म्हणजे नकलून घेणारा कोण, शक कोणता, गाव कोणते. अनेकदा नकलणारा अशीही विनंती करतो की, समोर जसे होते तसे उतरवले, चुकले असल्यास दोष मला देऊ नका. पुष्पिका म्हणजे जबाबदारी घेणे आणि तिची हद्द सांगणे. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस पसायदान आहे हे सर्वांना ठाऊक असते. पण त्यानंतर, अगदी तळाशी, शके १२१२ हा काळ आणि सच्चिदानंदबाबा या लेखकाचे नाव आहे, याकडे विद्यार्थ्यांचे लक्ष आम्ही क्वचितच वेधतो. पुढे शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तेव्हा त्यांनीही शेवटी आपल्या ओव्या जोडल्या, आणि त्यांत बजावून ठेवले की यापुढे या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी ठेवली असे समजावे. मराठीतल्या फुटरचा याहून नेमका हेतू आम्हांला सांगता येणार नाही. एकनाथ ज्ञानेश्वरी कुलूपबंद करत नव्हते. तिच्यावर कोणी स्वतंत्र लिहू नये, असेही ते म्हणत नव्हते. स्वतः त्यांनी विपुल लिहिले. ते म्हणत होते, तुझे ताट वेगळे घे.

कोणी म्हणेल, ग्रंथाला शेवट असतो हे खरे, पण यादीला कसला आला शेवट? यादी स्वभावतःच वाढती. उत्तर तुकोबांच्या गाथेत आहे. गाथा ही शेवटी यादीच आहे. साडेचार हजारांहून अधिक अभंग, आणि त्यांचा क्रम प्रतीगणिक वेगळा. तो क्रम कवीने लावलेला नाही. म्हणूनच की काय, प्रत्येक अभंगाला आपला तळ आहे: ‘तुका म्हणे’. हे दोन शब्द आले की दोन गोष्टी एकदम कळतात, बोलणारा कोण आणि बोलणे आता आटोपते आहे. नामदेवांचा आणि जनाबाईंचाही असाच रिवाज. छापखाना नसताना, अभंग तोंडातोंडी फिरत असताना, एकाचे बोलणे दुसऱ्याच्या बोलण्यात मिसळू नये म्हणून या कवींनी आपली तळओळ रचनेच्या आतच विणून टाकली. तरीही मिसळ झालीच. प्रक्षिप्त अभंगांचे वाद अजून मिटलेले नाहीत. मग जिथे ती खूण मुद्दाम पुसली जाते तिथे काय होत असेल?

काय होते त्याचे एक उघड उदाहरण आहे. इन्स्टाग्रामने जुलै २०१८ मध्ये आपल्या यादीत एक फुटर आणला. गेल्या दोन दिवसांतले सर्व तुम्ही पाहिले आहे, असे सांगणारी ती चौकट होती. हिरवी बरोबरची खूण आणि एक वाक्य. माणसांच्या वेळेची काळजी घेतली जाते आहे, म्हणून तिचे कौतुक झाले. आम्हांलाही ती मनापासून आवडली होती. ऑगस्ट २०२० मध्ये त्याच चौकटीखाली ‘सुचवलेल्या’ नोंदी सुरू झाल्या: ज्यांच्यामागे आपण गेलो नाही अशांच्या नोंदी, न संपणाऱ्या. मोर्तब केले आणि त्याखाली लिहीत गेले. नरोटी ताटात आली, तीही ‘अमृत संपले’ अशी पाटी लावून. फुटर नसण्यापेक्षा हे अधिक वाईट, कारण इथे शेवटाच्या खुणेवरचा विश्वासच मोडला गेला.

उलट दिशेचे उदाहरणही द्यायला हवे, नाहीतर हे सारे अटळ आहे असे वाटेल. गूगलने शोधाच्या निकालांची पाने काढून ती न संपणारी केली. मोबाइलवर २०२१ मध्ये आणि संगणकावर २०२२ मध्ये. जून २०२४ मध्ये ही रीत मागे घेण्याचे जाहीर झाले. संगणकावर पानांचे आकडे तळाशी परतले, आणि मोबाइलवर ‘आणखी निकाल’ असे विचारणारे बटण. जगातल्या एका सर्वांत मोठ्या यादीला तळ परत मिळू शकतो, तर आमच्या कवितासंग्रहाला का मिळू नये?

आता आमच्याच मंडळींशी थोडे भांडू. काही अभ्यासक या अखंड सरकण्याला उत्तर-आधुनिक साजशृंगार चढवतात. शेवट म्हणजे सत्ता, शेवट म्हणजे बंदिस्तपणा. यादीने साहित्याला मुक्त केले, असा त्यांचा सूर. उम्बेर्तो इकोच्या १९६२ सालच्या ‘खुल्या कलाकृती’च्या विवेचनाचा आधारही मग येतो. आमच्या मते हा आधार उलटा लावला आहे. अनिर्णित शेवट हा शेवटच असतो. कथाकार जिथे कथा तोडतो ती जागा त्याने निवडलेली असते, आणि तिच्याखालच्या कोऱ्या कागदावरच ती अनिर्णितता वाजते. तिथे लगेच दुसरी कथा सुरू केली तर खुला शेवट खुला राहत नाही. तो बुजवला जातो. फ्रँक कर्मोडने १९६७ च्या आपल्या पुस्तकात घड्याळाच्या टिकटिकीचे उदाहरण दिले आहे: दोन सारख्याच आवाजांतल्या एकाला आपण आरंभ मानतो, दुसऱ्याला शेवट, आणि त्यामुळे मधल्या काळाला आकार येतो. सरकती यादी नुसते ‘टिक, टिक, टिक’ करते. ते स्वातंत्र्य नव्हे.

‘अरबी सुरस कथां’चा दाखलाही दिला जातो: शहरजादसुद्धा गोष्ट संपू देत नव्हती! खरे आहे. पण ती दररोज पहाट झाली की थांबत होती. त्या थांबण्यावर तिचा जीव तगला. ती रात्रंदिवस बोलत राहिली असती, तर राजाला ‘पुढे काय’ हा प्रश्न पडलाच नसता आणि गोष्टही उरली नसती. आमच्याकडे हरिकथा निरूपणाने कधी संपत नाही असे म्हणतात. पण कीर्तन आरतीला संपते, मैफल भैरवीला संपते, पोथीचा अध्याय ‘इति’ने संपतो. अनंत विषयाला सांत बैठक, ही आमची जुनी रीत.

शेवटचा आक्षेप सर्वांत व्यवहारी: वाचकाला थांबायचे असेल तर त्याने थांबावे, हात कोणी धरला आहे? पंगतीला बसलेला प्रत्येकजण हे जाणतो की पोट कधी भरले ते एकट्या पोटाने कळत नाही. ताकभात आला की जेवण आवरते आहे हे समजते आणि माणूस सुखाने तृप्त होतो. वाढपी थांबतच नाही, ताकभात येतच नाही, अशा पंगतीत माणूस तृप्त होऊन उठत नाही, कंटाळून उठतो. आमचे विद्यार्थी कविता वाचून नव्हे, कवितांना कंटाळून फोन ठेवतात. आणि मग आम्ही त्यांच्या अभिरुचीच्या नावाने खडे फोडतो. संग्रहाची शेवटची कविता वाचून पुस्तक मिटल्यावर जी दोन मिनिटे शांततेची असतात, त्यांत कविता आपल्यात उतरते. ती दोन मिनिटे कोणत्याही आकडेवारीत दिसत नाहीत, म्हणून ती कापली गेली.

तेव्हा आमची मागणी पुन्हा एकदा स्पष्ट करतो. मोबाइलवर साहित्य देणाऱ्या प्रत्येकाने ग्रंथाच्या यादीला फुटर जोडावा. त्यात तीन गोष्टी असाव्यात. एक, ग्रंथ इथे संपला, हे साध्या मराठीत. दोन, पुष्पिकेचा मजकूर: कर्ता, कोणत्या आवृत्तीवरून घेतले, टंकलेखन आणि मुद्रितशोधन कोणी केले, चूक आढळल्यास कोणाला कळवावे. तीन, पुढे जायचे असल्यास वाट. पण ती वाचकाने बोट ठेवल्यावर उघडणारी, आपोआप घसरवणारी नव्हे. दुसऱ्या कवींच्या कविता सुचवायला आमची ना नाही. त्यांना त्यांचे ताट द्या.

आणि शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. ज्या अ‍ॅपमध्ये असा तळ नाही त्यातील पाठ वर्गात संदर्भ म्हणून मान्य करू नका. नाव छापलेले नसलेले पुस्तक आपण मान्य करतो काय? अरिस्टॉटलने पूर्ण वस्तूला आदि, मध्य आणि अंत असतो असे सांगितले, हे आपण दरवर्षी फळ्यावर लिहितो. विद्यार्थी ते दरवर्षी उत्तरपत्रिकेत उतरवतात. तो अंत त्यांना एकदा प्रत्यक्ष दिसू द्यावा. त्या विद्यार्थिनीची शेवटची कविता तिच्यापर्यंत पोहोचवणे, हे कविता शिकवण्याइतकेच आपले काम आहे.

बहुत काय लिहिणे, सुज्ञ असा. इति लेखनसीमा.